खुळखुळ्याच्या हद्दीत

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थरचे चित्र उभे राहते. वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग आणि क्षितिजापर्यंत पसरलेला एकच एक पिवळा रंग. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याचे सोनोरा वाळवंट पाहिल्यावर हे चित्र बाजूला ठेवावे लागते. येथे वाळू थोडी, दगड फार, आणि झाडे तर कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक. ज्याचे खोडही हिरवे असते असा पालो वेर्दे, अंगाला नुसता स्पर्श झाला तरी काटे रोवणारा चोया निवडुंग, आणि या सर्वांवर पहारा देत उभा असलेला सग्वारो. हा सग्वारो निवडुंग बारा मीटरांहूनही उंच वाढतो, दीडशे वर्षे सहज जगतो आणि त्याला पहिला फाटा फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. जगात तो नैसर्गिकरीत्या फक्त सोनोराच्या परिसरातच उगवतो. वर्षभरात जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या भूमीवर एवढी जीवसृष्टी नांदते, हे प्रथम खरे वाटत नाही.

फिनिक्स हे महानगर या वाळवंटाच्या शेजारी वसलेले नाही, ते त्याच्या पोटातच वसलेले आहे. साउथ माउंटन नावाचे सोळा हजार एकरांहून मोठे डोंगराळ उद्यान शहराच्या हद्दीतच आहे आणि त्याच्या पायथ्याशी घरांच्या रांगा थेट दगडांना जाऊन भिडल्या आहेत. चँडलर, टेम्पी, स्कॉट्सडेल या उपनगरांत संगणक आणि चिप-निर्मितीच्या उद्योगांमुळे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. नातवंडांसाठी पुण्या-नाशकाहून आजी-आजोबा येतात, ते बहुधा मुलांच्या उन्हाळी सुट्टीच्या सुमारास, चार-सहा महिने मुक्काम करण्याच्या बेताने. नेमक्या त्याच महिन्यांत त्या दगडांमधला एक जुना रहिवासी सर्वाधिक हिंडताफिरता असतो. उद्यानाच्या प्रवेशापाशी त्याच्या नावाची पाटी असते आणि तीवर वेटोळे घातलेले चित्र. पाटीचा सूर मात्र घाबरवणारा नसतो. हा येथे राहतो, त्याला वाट द्या, एवढाच तिचा आशय.

माझी भाची चँडलरला राहते. मार्चअखेरीच्या एका संध्याकाळी तिच्याबरोबर त्या डोंगरातल्या पायवाटेने जात असताना तो आवाज मी प्रथम ऐकला. तो खुळखुळ्यासारखा असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो तापलेल्या तव्यावर पाणी पडावे तसा, किंवा रातकिड्यांचा थवा एकदम जागा व्हावा तसा होता. "मावशी, पाय आहेत तिथेच राहू दे," भाची हळूच म्हणाली. तिने आधी आवाजाची दिशा ओळखली, मग पालो वेर्देच्या सावलीतले वेटोळे डोळ्यांनी शोधले आणि त्यानंतर आम्ही दोघी आल्या वाटेने सावकाश मागे सरलो. सात-आठ पावले मागे येताच आवाज मंदावला आणि थांबला. साप तसाच बसून होता. त्याला आमच्याकडून अंतर हवे होते, ते मिळाले. भाचीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, होती ती रस्ता ओलांडताना असते तशी दक्षता. शाळेत असताना तिने हे शिकले नव्हते. ती वाढली डोंबिवलीला. दहा वर्षांच्या वास्तव्याने तिला हे शिकवले.

रॅटलस्नेकच्या शेपटीचा हा खुळखुळा आपल्या बाळांच्या खुळखुळ्यासारखा नसतो. त्यात खडे नसतात. आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच केराटिनच्या पोकळ कड्या एकमेकींत सैलसर अडकलेल्या असतात आणि शेपूट थरथरली की त्या परस्परांवर आपटतात. साप दर वेळी कात टाकतो तेव्हा एक नवी कडी तयार होते. वर्षातून तो दोन-तीनदा कात टाकू शकतो आणि टोकाच्या जुन्या कड्या झिजून तुटतही असतात. म्हणून कड्या मोजून सापाचे वय सांगणे ही निव्वळ दंतकथा आहे. तापलेल्या दिवशी ही शेपूट सेकंदाला पन्नासांहून अधिक वेळा हलते. २०२१ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गंमत उघड केली. कोणी जवळ येऊ लागले की साप आधी हळूहळू गती वाढवतो, ती सेकंदाला चाळीसच्या आसपास गेली की एकाएकी साठ ते शंभरपर्यंत उडी घेतो. ऐकणाऱ्याला त्यामुळे साप प्रत्यक्षात आहे त्याहून जवळ असल्याचा भास होतो. पाऊल आपोआप लवकर थांबते. दोघांच्याही प्राणांना पुरेल एवढे अंतर राखणारी ही युक्ती निसर्गाने किती काळजीपूर्वक घडवली आहे!

परंतु या आवाजावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. रॅटलस्नेकचा पहिला बचाव आवाज हा नव्हेच. रंग हा आहे. अंगावरची नक्षी मुरमाड जमिनीत इतकी मिसळून जाते की हलल्यावाचून तो दिसत नाही, आणि न हलता, न वाजवता पडून राहणेच तो पुष्कळदा पसंत करतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या शेपटीला एकच बोंड असते, त्याला वाजवताच येत नाही. ते चावू मात्र शकते, आणि त्याच्याजवळ विषही असते. म्हणून 'आवाज आला नाही, म्हणजे साप नाही' हा निष्कर्ष या भूमीत कोणी काढत नाही.

अ‍ॅरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आढळतात. एवढ्या अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. फिनिक्स आणि टूसॉनच्या परिसरात सर्वाधिक भेटतो तो वेस्टर्न डायमंडबॅक, म्हणजे पाठीवर शंकरपाळ्यांची माळ आणि शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेला, चार-पाच फूट लांबीचा धष्टपुष्ट साप. सपाट वाळूवर तिरक्या चालीने सरकणारा, डोळ्यांवर शिंगांसारखे खवले असणारा साइडवाइंडर हा त्याचा चुलतभाऊ. मोहावी रॅटलस्नेक दिसायला डायमंडबॅकसारखाच, पण त्याचे विष पुष्कळदा मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि श्वासोच्छ्वास अडचणीत आणते. हे सगळे साप ज्या गटात मोडतात त्या गटातला एक सदस्य सह्याद्रीतही आहे: पावसाळ्यात झाडाच्या फांदीवर हिरव्या पानासारखा निश्चल बसणारा चापडा. या गटाच्या सापांना डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा असतो आणि त्याच्या साहाय्याने त्यांना उष्णता 'दिसते'. मिट्ट काळोखात उंदराचे उबदार शरीर थंड दगडांवरून जाताना त्यांना कळते. इशारा देण्याची रीत तर आपल्याकडील सापांनाही परकी नाही. फुरसे अंगाची वळणे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते आणि घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते. खुळखुळा नवा वाटला तरी त्यामागचा अर्थ आपल्या कानांना जुनाच आहे.

सोनोरात या सापाचे एक वार्षिक पंचांग असते आणि तेथले लोक त्या पंचांगाने वागतात. हिवाळ्यात तो डोंगराच्या खोल कपारींत, पुष्कळदा अनेकांच्या संगतीने, निपचित पडून राहतो. मार्चमध्ये दगड तापू लागले की बाहेर येतो आणि वसंतात दिवसाउजेडी दिसतो. मे-जूनमध्ये पारा चढला की तोच साप निशाचर होतो. दिवसभर बिळात किंवा झुडपाच्या बुंध्याशी आणि सूर्य मावळला की शिकारीला. उन्हाने तापलेल्या डांबरी सडकेवर रात्री ऊब घेत पडलेला सापही आढळतो. माणसाचेही नेमके तसेच होते. उन्हाळ्यात तेथे फिरायचे तर पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच. म्हणजे सापाची आणि आपली वेळ एकच.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. पाहुण्यांच्या मनात वाळवंटाचे भय सापाच्या रूपाने बसलेले असते. आकडे वेगळेच सांगतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग एकतीस दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर होते आणि फिनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यात आहे तेथे त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. सर्पदंशाने संपूर्ण अमेरिकेत एका वर्षात मरण पावणाऱ्यांची संख्या पाचच्या आसपास असते. अतिउष्णतेचा इशारा दिलेल्या दिवशी कॅमलबॅक डोंगराच्या पायवाटा भर दिवसा बंद ठेवल्या जातात, त्या सापांमुळे नव्हे. पाण्याची बाटली घरी विसरून केवळ सापाला शोधत चालणारा माणूस चुकीच्या शत्रूवर नजर ठेवून आहे असे म्हणावे लागेल.

जुलैत मान्सून येतो. होय, तेथेही त्याला मान्सूनच म्हणतात. दुपारी आभाळ भरते, धुळीची भिंत शहरावरून सरकत जाते आणि मग अर्धा तास धो धो कोसळते. क्रिओसोटची झुडपे भिजली की जो कडवट-सुगंधी दर्प सुटतो त्याला आपल्या मृद्गंधाचा भाऊ म्हणायला हरकत नाही. या पावसात डायमंडबॅक आपल्या शरीराचे सपाट वेटोळे करतो, त्या वेटोळ्यात पाणी साचू देतो आणि स्वतःच्याच अंगावरून ते पितो. हे दृश्य संशोधकांनी प्रत्यक्ष पाहून नोंदवले आहे. पिल्ले जन्मतात तीही याच सुमारास, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात. रॅटलस्नेक अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. आणि पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, आई त्यांच्याजवळ थांबते. आपल्याकडे हे दिवस श्रावणाचे. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये हा संकेत ज्या पूर्वजांनी घालून दिला त्यांनी सापांच्या पावसाळी हालचाली नक्कीच पाहिल्या असाव्यात.

मग दंश होतो तरी कुणाला? अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार माणसांना विषारी साप चावतात. त्यांतले बहुतेक दंश हाता-पायांवर असतात, आणि पायांचे दंश व हातांचे दंश यांची कथा पुष्कळदा निराळी असते. पाय चावला जातो तो न दिसलेल्या सापावर पडल्यामुळे. हात चावला जातो तो दगडाखाली, लाकडाच्या ढिगात, न पाहता घातल्यामुळे, किंवा दिसलेला साप मुद्दाम धरायला, डिवचायला, मारायला गेल्यामुळे. अ‍ॅरिझोनातील डॉक्टरांनी हा भेद फार पूर्वीच टिपला आहे. मुद्दाम ओढवून घेतलेल्या दंशांत तरुण पुरुष अधिक आणि त्यांतल्या अनेकांच्या पोटात मद्य. सापाचे छायाचित्र काढण्यासाठी भ्रमणध्वनी पुढे करणारा हात ही त्याच कथेची नवी आवृत्ती.

चँडलरला लागूनच, हीला नदीच्या काठी, अकिमेल ओओढाम लोकांची भूमी आहे. पूर्वी त्यांना पिमा म्हणत. त्यांच्या पुराणकथेत रॅटलस्नेक आरंभी अगदी निरुपद्रवी होता आणि त्याचे नावच 'मऊ बाळ' असे होते. त्याचा खुळखुळा ऐकण्याची मौज म्हणून जो तो त्याला ओरबाडी. बिचारा त्रासून 'थोरल्या भावा'कडे, म्हणजे निर्मात्याकडे गेला आणि त्याने त्याला दात दिले. पुढच्या वेळी ससा खोडी काढायला आला तेव्हा त्याला दंश झाला, आणि जगातला पहिला मृत्यू घडला. अमेरिकी अभ्यासक फ्रँक रसेल याच्या १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कथा नोंदलेली आहे. शेकडो वर्षे या सापाच्या शेजारी राहिलेल्या माणसांनी दोष कुणाच्या पदरात टाकला आहे ते पाहण्यासारखे आहे.

दंश झालाच तर काय करावे, याविषयी आपल्या मनात चित्रपटांनी भरलेला कचरा आधी काढून टाकला पाहिजे. जखम कापायची नाही, तोंडाने विष ओढायचे नाही, बर्फ लावायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही. रॅटलस्नेकचे विष चावल्या जागीच मांस आणि रक्तवाहिन्या नासवते. रक्तप्रवाह कोंडून ते एका जागी साठवले तर हात किंवा पाय गमावण्याची शक्यता वाढते. सापापासून दूर व्हावे, बसावे, चावलेला अवयव शक्य तितका न हलवता आरामात वाटेल असा ठेवावा आणि ९११ ला फोन करावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी तत्काळ काढावीत. आपल्या स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण सूज भराभर चढते आणि मग हिरवा चुडासुद्धा कापावा लागतो. सुजेची कड पेनाने रेखून शेजारी वेळ लिहिली तर डॉक्टरांना विषाची चाल कळते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. रक्त गोठण्याची क्रिया विषाने आधीच बिघडवलेली असते. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. सापाला पकडून वा मारून बरोबर नेऊ नये. मेलेल्या, अगदी धडावेगळ्या केलेल्या डोक्यालाही काही काळ चावता येते. अमेरिकेत कोठूनही १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर विषबाधा केंद्राचे तज्ज्ञ अहोरात्र मोफत सल्ला देतात. कित्येक दंश कोरडे असतात, म्हणजे साप चावतो पण विष सोडत नाही. परंतु हे ठरवण्याचा अधिकार घरातल्या कुणालाच नाही, तो रुग्णालयातील तपासणीचा आहे.

उपाय एकच: प्रतिविष. भारतात परळच्या हाफकिनचे नाव ज्याच्याशी जोडले गेले आहे ते प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठीचे. रॅटलस्नेकवर त्याचा उपयोग नाही, आणि आपल्या चापड्यावरही नाही. अमेरिकेत यासाठी दोन औषधे वापरात आहेत. २००० साली मान्यता मिळालेले क्रोफॅब मेंढ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनते, तर २०१५ साली मान्यता मिळालेले अ‍ॅनाव्हिप घोड्यांच्या. एका कुपीने भागत नाही. क्रोफॅबच्या आरंभीच्या मात्रेलाच चार ते सहा कुप्या लागतात आणि अ‍ॅनाव्हिपच्या दहा. रुग्णालयाचे बिल एक लाख डॉलरच्या पलीकडे गेल्याच्या बातम्या तेथील वृत्तपत्रांत आलेल्या आहेत. म्हणून पर्यटक व्हिसावर येणाऱ्या आई-वडिलांसाठी विमा घेताना स्वस्ताईला भुलू नये. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या मर्यादित पॉलिसी अशा प्रसंगी फार तोकड्या पडतात. तातडीच्या उपचारांची कमाल मर्यादा किती आणि आपल्या वाट्याचा खर्च किती, हे विमान सुटण्यापूर्वी वाचून घ्यावे. दंशाच्या भीतीने उपचार टळत नाहीत; बिलाच्या भीतीने टळतात, आणि ते अधिक घातक. घरी सोडल्यानंतरही प्रकरण संपत नाही. रक्त गोठण्यातला बिघाड काही दिवसांनी पुन्हा उलटू शकतो, त्यामुळे पुढच्या रक्ततपासण्या चुकवू नयेत आणि त्या काळात दात काढण्यासारखी कामे पुढे ढकलावीत.

अमेरिकेत वर्षाला पाच मृत्यू आणि भारतात, २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातील अंदाजानुसार, वर्षाला सरासरी ५८ हजार. लोकसंख्येचा फरक जेमतेम चौपट आहे. विषांत फरक आहे हे खरे. नाग आणि मण्यार श्वास बंद पाडतात, तिथे वेळ थोडा असतो. पण एवढी प्रचंड तफावत विषाच्या थेंबाने पडत नाही. ती अनवाणी पायांनी पडते, जमिनीवर अंथरलेल्या पथारीने पडते, दिवा नसलेल्या बांधाने पडते आणि मांत्रिकाच्या दारात घालवलेल्या दोन तासांनी पडते. आपल्या सरकारी रुग्णालयांत प्रतिविष मोफत मिळते, ही गोष्ट फिनिक्सच्या रुग्णालयातला हिशेब पाहिल्यावर फार मोठी वाटू लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणि जवळचे आरोग्य केंद्र, एवढ्या दोन गोष्टी गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेल्या असाव्यात.

सोनोराच्या कडेला राहणारी कुटुंबे घरात काय करतात ते पाहिले तर त्यात धाडस कुठेच नाही, सवयी आहेत. आमच्या पिढीच्या पाहुण्यांना त्यांतल्या काही प्रथम जाच वाटतात. पहाटे देवासाठी फुले खुडायला अनवाणी अंगणात जायचे नाही. रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा तरी बंद बूट आणि हातात विजेरी. गॅरेजमधून बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना नजर, कारण भिंतीलगतचा गारवा सापाला प्रिय असतो. पायवाटेवर मधोमध चालायचे, मोठा दगड आडवा आला तर त्यावर चढून पलीकडे काय आहे ते पाहायचे आणि मगच पाय टाकायचा. कानांत गाणी ऐकण्याची यंत्रे घालून त्या वाटेने चालणे मला शुद्ध अविचार वाटतो. सहा फूट अंतर हा सर्वमान्य दंडक आहे. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या ते निम्म्या भागाएवढीच झेप घेतो, त्यामुळे सहा फुटांत बरीच सुरक्षितता येते. लहान मुलांना शिकवले जाते ते 'थांब, मागे ये, मोठ्यांना सांग' एवढेच. कुत्रा असेल तर त्याला सापापासून दूर राहायला शिकवणारे वर्ग असतात, आणि वाटेवर त्याची दोरी आखूड धरतात.

अंगणाची निगा हा खरा उपाय. साप घरापाशी येतो तो माणसासाठी नव्हे. उंदीर, सावली आणि पाणी यांसाठी. पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांचे सांडलेले कण, गळणारी ठिबकची नळी, कुंपणालगत रचलेल्या फरश्या आणि रिकाम्या कुंड्या ही तीनही निमंत्रणे एकाच वेळी देतात. झुडपांच्या खालच्या फांद्या छाटून बुंध्याखालची जमीन दिसेल अशी ठेवतात. डांबराच्या गोळ्या आणि गंधकाची पूड टाकण्याची रीत तिकडेही आहे, तिचा काडीमात्र उपयोग होत नाही. आणि रांगत्या मुलांच्या घरात डांबराच्या गोळ्या हा स्वतंत्र धोका. उलट एक साप वर्षभरात पुष्कळ उंदीर, घुशी आणि खारी फस्त करतो, म्हणून परिसरातून साप नाहीसे व्हावेत अशी इच्छा जाणती माणसे करीत नाहीत.

तरीही एखादा आवारात येतोच. भाचीच्या शेजाऱ्यांकडे तो एका सकाळी पोहण्याच्या तळ्याच्या पंपाआड बसलेला आढळला. त्यांनी मुलांना आत घेतले, घरातल्या एकाने दुरून त्याच्यावर लक्ष ठेवले आणि दुसऱ्याने फोन लावला. काही शहरांत अग्निशमन दल हे काम करते, काही ठिकाणी शुल्क घेणारे प्रशिक्षित सर्पमित्र. आलेल्या माणसाने लांब चिमट्याने सापाला झाकणाच्या बादलीत घेतले. सगळे मिळून पाच मिनिटे. शेजारीणबाईंनी त्याला शहरापासून खूप दूर, चाळीस-पन्नास मैलांवर सोडण्याची विनंती केली. त्याने नकार दिला. ओळखीची बिळे, पाणी आणि हिवाळी कपार यांपासून तोडलेला साप वणवण भटकतो आणि पुष्कळदा मरतो, असे अ‍ॅरिझोनातच झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. त्याने तो घरामागच्या कोरड्या ओढ्यात, फार दूर नव्हे अशा जागी, एका झुडपाच्या सावलीत सोडला. तो परत येऊ शकेल का, असे विचारल्यावर तो 'येऊ शकेल' म्हणाला आणि मागच्या फाटकाखालची दोन बोटे रुंदीची फट दाखवली. त्या शनिवारी शेजाऱ्यांनी फाटकाला खालून बारीक जाळी बसवून घेतली आणि पंपाभोवतीच्या कुंड्या उचलल्या.